पाणी नसलेली पुस्तकं

शिरगावच्या वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम हिरा गेली पंधरा वर्षं करते. बाई पन्नाशीची, अंगाने किरकोळ, बोलायला फटकळ. जेवताना पुढ्यात पुस्तक उघडं ठेवते, आणि वाचते काय, तर मुंडकी उडवणारे राजे, सख्ख्या भावाचे डोळे काढणाऱ्या राण्या, माणसाच्या कातड्याचे ढोल वाजवत येणारी सैन्यं. भात गार झाला तरी तिला पत्ता नसतो. वाचनालयाचे अध्यक्ष निवृत्त मास्तर आहेत. त्यांचं म्हणणं असं की बायकांना संतांची चरित्रं द्यावीत, मनाला शांती मिळते. हिरा चरित्रं देतेही. ती दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी परत येतात.

मास्तरांना एक साधी गोष्ट कळत नाही. जिचा नवरा आठ-आठ दिवस बोटीवर आहे तिला शांती नको असते. ती घरात असली की दारात येते, दारात आली की परत आत जाते. बोंबील वाळत घालून झाले, भांडी झाली, पोरांना धपाटे घालून झाले, तरी दिवस उरतोच. अशा बाईला सज्जन माणसाची गोष्ट दिली तर तिचं मन दुसऱ्या ओळीलाच उठून समुद्रावर जातं. तिला धरून ठेवायला दुष्टच माणूस लागतो. पुढच्या पानावर कुणाचा गळा कापला जाणार हे कळल्याशिवाय तिला उठवत नाही, आणि तेवढा वेळ तिची सुटका होते. हिराला हे कुणी शिकवलेलं नाही. ती स्वतः याच वाटेने सुटत आली आहे.

कोळीवाड्यातल्या बायका पुस्तक घेण्याआधी एकच विचारतात.

"हिरामावशी, यात पाणी हाय का?"

म्हणजे, यात कुणी बुडून मरतं का. तलवारीने मेलेला चालतो. विषाने, आगीत, राक्षसाच्या जबड्यात गेलेलाही चालतो. पण बोटी बाहेर असताना बुडालेला माणूस घरात आणायचा नाही, मग तो कागदावरचा का असेना. हिरा "नाय" म्हणाली की बाई पुस्तक पदराखाली घेऊन निघते. त्या एका शब्दासाठी हिरा प्रत्येक पुस्तक आधी स्वतः शेवटपर्यंत वाचते. पाणी निघालेली पुस्तकं कपाटाच्या वरच्या फळीवर जातात, आणि तिथून शाळेतल्या बाईंना नाहीतर पोस्टातल्या साहेबांना.

सतरा वर्षांपूर्वी तिचा नवरा कमलाकांत बोटीवर गेला. बोट परत आली, तो आला नाही. जाळं ओढताना तोल गेला म्हणाले. अंग सापडलं नाही. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. हिरा ते गावासाठी फुंकत बसते. गाव मात्र म्हणतं, दगड आहे बाई, मुंडकी उडताना घास गिळते. बुडण्याचं पान आलं की ती ताट सारते, दाराला कडी लावते आणि ते पान एकटी वाचून काढते, हे कुणाला ठाऊक असणार? लिहिणारे माणसाला दोन ओळींत बुडवून मोकळे होतात, याचा तिला फार राग आहे.

तर या हिराच्या हातून चूक झाली.

रिद्धी ही सोजराबाईची सून. माहेर उमरोळीचं, वाडी-शेतीवाल्यांचं. जितेशशी लग्न करून वर्षापूर्वी कोळीवाड्यात आली. जितेशची बोट आठ दिवसांसाठी गेली होती आणि त्या रविवारी नववा दिवस होता. सहाव्या दिवसापासून वायरलेसवर बोटीचा आवाज नव्हता. या नऊ दिवसांत रिद्धीने 'हाडांची तटबंदी' या कादंबरीचे पहिले दोन भाग संपवले होते. हिरानेच दिले होते, वाचून, खात्री करून. तिसरा भाग रविवारी आला. त्याची दोरी सोडते न सोडते तोच रिद्धी दारात उभी राहिली, डोळे खोल गेलेले, हात पुढे केलेला. हिराने विचार केला: गोष्ट सगळी वाळवंटातली. दोन भागांत प्यायला पाणी नाही म्हणून माणसं एकमेकांचं रक्त पितात. तिथे बुडायला कुठून येणार? अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय. तिने न वाचता पुस्तक दिलं.

मंगळवारी ती बोईसरला मेहुलकडे गेली. मेहुलचं रद्दीचं दुकान आहे. कारखान्यांतले साहेब बदली होऊन गेले की त्यांच्या घरातली पुस्तकं त्याच्याकडे येतात, आणि त्यातली रक्ताळलेली तो हिरासाठी बाजूला ठेवतो. स्वतः वाचूनच ठेवतो. दोघांची गट्टी त्यावरच जमली.

"हे घेऊन जा मावशी," गठ्ठ्यातून एक जाडजूड पुस्तक ओढत तो म्हणाला. "यात चांगला माणूस औषधालापण नाय. आणि मी धाडलेला तिसरा भाग वाचला का?"

"नाय अजून. एका पोरीला दिला."

"काय लिवलाय! वाळवंट संपतं, मग समुद्र लागतो. त्यो धाकटा भाऊ हाय ना, आरुक, त्यो होडीत बसतो नि बुडतो. आणि त्याची बायको किनाऱ्यावर..."

पुढचं हिराने ऐकलं नाही. जाडजूड पुस्तक तिथेच टाकून ती रिक्षाकडे धावली.

पालघरची रिक्षा भरेपर्यंत ती तीनदा उतरली आणि तीनदा चढली. "बैठो ना मौसी," ड्रायव्हर वैतागून म्हणाला. ती बसली. रस्त्यात एक माणूस पिशवीतल्या कोंबड्यांसकट चढला, त्याला जागा करून देताना तिने मनात पानं मोजली. साडेचारशे पानांचं पुस्तक. रविवारी संध्याकाळी नेलेलं. रिद्धीचा वेग तिला माहीत होता. समुद्र कितव्या पानावर लागतो हे मेहुलला विचारायचं राहिलं, म्हणून तिने कपाळावर हात मारून घेतला. पालघरला दुसरी रिक्षा, तिथेही तेच. शिरगावला उतरल्यावर ती चालली नाही, जवळजवळ पळाली.

सोजराबाई अंगणात सुका जवळा निवडत बसली होती. तिचं लक्ष जवळ्यात नव्हतं, निवडलेला आणि न निवडलेला एकाच सुपात चालला होता.

"बरं केलंस गो, तिला ते पुस्तक दिलंस," ती म्हणाली. "जेवत नाय, रडत नाय, बोलत नाय. वाचते तवर निदान एके जागी बसते."

हिराला हे ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जितेशची बोट त्यानंतर तिसऱ्या दिवशी आली, हे आत्ताच सांगून टाकतो. इंजिन बंद पडून ती गुजरातच्या बाजूला वाहवत गेली होती, दुसऱ्या बोटीने ओढून आणली. माणसं सगळी धड. पण त्या मंगळवारी दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि ही गोष्ट त्या दुपारची आहे.

रिद्धी आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. पुस्तक मांडीवर मिटलेलं, आत बोट घातलेलं.

"दे गो ते इकडं," हिरा म्हणाली. "मास्तरांनी मागितलंय. तुला दुसरं देते."

"मास्तर असलं वाचत नाय." रिद्धीने पुस्तक सोडलं नाही. "मावशी, त्यो आरुक होडीत बसलाय. वारा सुटलाय. त्यो मरतो ना?"

हिराला खोटं बोलता आलं असतं. तोंडात आलंही होतं. पण पोरीने तिच्याकडे असं पाहिलं की ते तोंडातच राहिलं.

"मरतो," ती म्हणाली. "चुकलं माझं. न वाचता दिलं तुला. मला माफ कर."

रिद्धी एकदम बोलायला लागली. "सासूबाई बोटीचं नाव काढत नाय. शेजारच्या येतात, चा पितात, जातात, त्यापण काढत नाय. माहेरून फोन येतो, जेवलीस का विचारतात. मलापण भीती, मी बोलले तर तसंच होईल. समदी गप. अकरा दिवस मला येकटीलाच बुडाल्यासारखं वाटतंय. या पुस्तकात पयल्यांदा कुणीतरी नाव काढलं." तिने पुस्तक हिरापुढे धरलं. "मला येकटीला पुढं वाचवत नाय. आणि ठेववतपण नाय. तुमी वाचा."

हिराने पुस्तक घेतलं. पान उघडलं. वारा, होडी, काळोखं पाणी. तिने एक ओळ मोठ्याने वाचली आणि थांबली. असलं पान तिने आजवर कुणासमोर वाचलंच नव्हतं. तिची नजर दाराच्या कडीकडे गेली.

रिद्धीच्या ते लक्षात आलं. "मावशी, आमच्यासाठी तुमी समदी पुस्तकं आधी वाचता ना?"

"वाचते."

"मग असलं पान आलं की तुमच्याजवळ कोण असतं?"

हिराला सतरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिने नुसती मान हलवली. कुणी नसतं.

रिद्धी उठली, तिच्या शेजारी खांद्याला खांदा लावून बसली, आणि पुस्तकाची एक बाजू आपल्या हातात धरली.

"वाचा," ती म्हणाली. "मी हाय."

लिहिणाऱ्याने आरुकला दोन ओळींत बुडवलं नव्हतं, पाच पानं घेतली होती. हिराने ती पाचही पानं वाचली, रडत, थांबत, अक्षरं पुसट झाली की डोळे पुसून पुन्हा तीच ओळ धरत.