हलू नका

पाटीवर त्यांचं नाव होतं, पण पाटी वाचतो कोण? पासपोर्टचा असो, नोकरीच्या अर्जाचा असो की शाळेच्या ओळखपत्राचा, कुठलाही फोटो काढताना त्यांच्या स्टुडिओत एकच हुकूम सुटायचा, "हलू नका!" आणि तो सुटला की लगोलग बटण दाबलं जायचं. जीभ आणि बोट जणू एकाच दोऱ्याने बांधलेली. कुणा वात्रट पोराने त्या हुकमाच्या शेवटी आणखी एक 'का' चिकटवला आणि ते सगळ्या रस्त्याचे हलूनकाका झाले.

अशा माणसाच्या नशिबी बायको आली ती पायाला भिंगरी लावलेली. काकू नर्स होत्या. वॉर्डात धावायची सवय अंगात इतकी मुरलेली, की निवृत्त झाल्यावर त्यांचा पाय घरात ठरेना. आधी मैदानावर फिरायला लागल्या, मग भरभर चालायला, आणि एके दिवशी घरी येऊन म्हणाल्या, "अहो, मी आज पळाले."

"का? कोणी मागे लागलं होतं?"

"नाही हो. उगाच पळाले. मजा आली."

तेव्हापासून मोठ्या वयाच्या बायकांच्या शर्यतीत त्या दरवर्षी उतरायच्या. नंबर कधी आला नाही आणि त्याचं त्यांना सोयरसुतकही नव्हतं. यंदा मात्र गुडघ्याने दगा दिला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करावं लागेल, नंतर चालाल झकास, पळणं तेवढं विसरा. काकूंनी एकच विचारलं, यंदाची शर्यत झाल्यावर केलं तर चालेल का? डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि सावकाश पळायच्या अटीवर हो म्हटलं.

त्या संध्याकाळी काकू घरातला अल्बम काढून बसल्या. लग्नापासूनचे फोटो. सगळ्यांत मान सरळ, हात मांडीवर, नजर समोर.

"काय सुंदर आलेत!" काका म्हणाले. कौतुक अर्थातच स्वतःच्या कामाचं होतं.

"आलेत खरे," काकू म्हणाल्या, "पण ही बाई कोण? मी अशी बसते का कधी? एक तरी माझा फोटो काढा ना. पळतानाचा. परत काही मी पळणार नाही."

एवढ्या वर्षांच्या संसारात बायकोने आपणहून मागितलेला हा पहिला फोटो, आणि नेमका तोच कसा काढायचा ते काकांना ठाऊक नव्हतं.

स्टुडिओत दिवे त्यांचे, पडदा त्यांचा, समोरचा माणूस श्वास रोखून बसलेला. शटर सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागावर ठेवलं ते वर्षानुवर्षं तिथेच. कॅमेऱ्याने किती उजेड ओढायचा ते ठरवणारं आयएसओ शंभर, त्याला हात लावणं म्हणजे पाप. लांबचं टिपायला एकच लेन्स होती, जुन्या बाजारातली, स्वस्तातली. ती घेऊन ते कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या मित्राकडे गेले.

मित्राने लेन्स उलटसुलट करून पाहिली. "वाईट नाही. पण हिचे डोळे किलकिले. लांबचं बघायला गेली की ॲपर्चर ५.६ च्या पुढे उघडत नाही. मग उजेड आणायचा कुठून?"

"शटर सावकाश ठेवतो."

"ठेव. वहिनींच्या जागी धूर येईल. पळणाऱ्या माणसाला शटर हजाराव्या भागावर हवं. ॲपर्चर उघडतंय तेवढं उघड आणि आयएसओ वाढव."

"फोटोवर दाणे येतात रे!" काका कळवळले. त्यांचं सगळं आयुष्य लोकांचे गाल गुळगुळीत काढण्यात गेलेलं.

"येऊ देत. दाण्यांतून माणूस ओळखू येतो, धुरातून येत नाही. आणि ऐक, फोकस शोधायला ही चाचपडत बसते. म्हणून वहिनी जिथे येणार, त्या जागेवर आधीच फोकस कर, लेन्सवरची कळ मॅन्युअलवर सरकव, म्हणजे ही पुन्हा शोधायला जाणार नाही, आणि मग नुसती वाट बघ."

सराव सुरू झाला. काकूंचा गुडघा शर्यतीसाठी राखून ठेवायचा होता, तेव्हा रस्त्यावरची कुत्री आणि सायकलवाले कामी आले. पहिल्या दिवशी नुसत्या शेपट्या आल्या. एका सायकलवाल्याने तर "हलू नका!" ऐकून कचकन ब्रेक मारला आणि काकांना चार शब्द सुनावले. पण हळूहळू जमायला लागलं.

शर्यतीच्या सकाळी आभाळ भरून आलं. मैदानाला एक फेरी, म्हणजे जिथून सुटायचं तिथेच परत यायचं. काका फक्कीच्या रेषेपुढे कुंपणाला टेकून उभे राहिले. एक फोटो काढून पाहिला, काळाकुट्ट. आयएसओ चारशे केलं, तरी काळा. आठशे केलं. शेवटी मनाचा हिय्या केला आणि सोळाशेवर नेलं. धडाधड फोटो निघायची सोय चालू केली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

सगळ्या बायका रेषेवर वाकल्या. मधोमध काकू. शिटी तोंडात धरायच्या आधी शर्यत सोडणारे सर ओरडले, "तयार..."

मैदान चिडीचूप झालं. त्या शांततेत, चौकटीत बायको दिसताच, काकांच्या तोंडून खणखणीत आवाज सुटला, "हलू नका!"

आणि बोट दाबलं गेलं, ते दाबलेलंच राहिलं.

मग एकच हशा पिकला. सर शिटी सोडून काकांवरच उखडले, "काका, तोंडाला कुलूप लावा नाहीतर बाहेर व्हा!" काका शरमेने पाणी पाणी झाले. बायका पुन्हा वाकल्या, शिटी वाजली, शर्यत सुटली. आणि या सगळ्या गोंधळात लेन्सवरची कळ सरकवायची राहून गेली.

फेरी मारून काकू शेवटून दुसऱ्या आल्या, तोंड लाल, केस सुटलेले, एका पायावर जरा झुकत. काकांनी बटण दाबून धरलं. लेन्स पुढे गेली, मागे आली, घुर्र घुर्र करत चाचपडत राहिली. काकू रेषा ओलांडून गेल्यासुद्धा.

घरी दोघं कॉम्प्युटरसमोर बसले. पहिला फोटो, धूर. दुसरा, धूर. तिसऱ्यात मागचं कुंपण तारेन् तार स्पष्ट, आणि पुढे पुन्हा धूर.

"जन्मभर फोटो काढले मी," काका म्हणाले. त्यांना बायकोकडे बघवेना. "तू एक मागितलास, तेवढाही..." डोळे भरून आले होते.

काकू एकेक फोटो मागे नेत होत्या. अचानक थांबल्या.

"ते पुसून टाक," काका म्हणाले. "चुकून दाबलं गेलं ते."

फोटोत रेषेवर सगळ्या बायका दगडासारख्या वाकलेल्या, हुकूम पाळून एकदम स्तब्ध. आणि मधोमध एकटी काकू ताठ उठलेली, मान मागे टाकून, दाढा दिसेपर्यंत हसत, एक हात काकांच्या दिशेने उगारलेला. गालावर दाणेच दाणे. पण हात, हसू, उडालेली बट, सगळं लख्ख.

"सगळ्यांनी तुमचं ऐकलं," काकू म्हणाल्या. "हलले ती मीच."

"पण यात तू पळत कुठे आहेस?"

"पळताना मी आतून अशीच असते हो." त्यांनी काकांच्या हातावर हात ठेवला. "हाच मोठा करा."

ऑपरेशन झालं. मोठा केलेला फोटो काकांनी पलंगासमोर टांगला होता. पहिलं पाऊल टाकायचा दिवस आला तेव्हा काकू वॉकर धरून उभ्या राहिल्या आणि तशाच राहिल्या. आयुष्यभर दुसऱ्यांना पलंगावरून उठवलं, पण स्वतःचा पाय काही उचलेना. व्यायाम शिकवणारी मुलगी समजावून थकली.

"भीती वाटते हो," काकू म्हणाल्या.

दारात काका कॅमेरा डोळ्याला लावून उभे होते. सवयीने त्यांचे ओठ उघडले. काकूंनी ते पाहिलं आणि त्या दुखण्यातही त्यांना हसू आलं.

"हल," काका म्हणाले. "हल गं."

काकूंनी पाऊल टाकलं. मग आणखी एक. काका बघत राहिले, आणि बटण दाबायचं राहूनच गेलं.