अष्टमीचं पान

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. कात्रजच्या घाटात बाई दिसते म्हणणाऱ्यांना मी ऑफिसात भरपूर छळलंय. तरी हे लिहितोय, कारण घरात सांगायची हिंमत नाही.

वायटूकेची धामधूम संपून एखाद-दोन वर्षं झाली असतील. मी हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत. बाबा बुधवार पेठेतल्या पुस्तकांच्या दुकानातून रिटायर झालेले. त्यांना एकच वेड – अलिबागचा कुलाबा किल्ला. वाचून वाचून त्याचे बुरूज, गोड्या पाण्याची विहीर, सगळं पाठ. तरुणपणी एकदा गेले तर भरती होती... काठावरूनच परत आले. मग कोळ्यांचा हिशोब शिकले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीची भरती सहाला, म्हणजे बाराला पूर्ण ओहोटी, किल्ल्यात चालत जायचं. हे वहीत लिहून ठेवलेलं. खाली तिथल्या एका घरगुती खानावळीचा नंबर, आणि 'वालाचं बिरडं, मोदक – आदल्या दिवशी सांगणे.'

दर महिन्याला विचारायचे, "येत्या अष्टमीला जमेल का रे?"

"रिलीज झालं की जाऊ, बाबा."

अशी चार वर्षं गेली. मग एका सकाळी चहा घेता घेता ते गेले.

आठ महिन्यांनी ती वही हाती लागली. निदान आपण तरी जाऊन यावं म्हणून अष्टमी बघितली, शुक्रवार होता. रजा टाकली, खानावळीत फोन करून एक पान सांगितलं. शुक्रवारी सकाळी क्लायंटचा फोन आला आणि मी मुकाट्यानं ऑफिसात गेलो. खानावळीत कळवायचंही राहिलं. पोचलो शनिवारी अकराला.

खानावळीच्या काकूंनी दारातच झापलं. "काल येणार होतात ना? वडिलांना किती ताटकळत ठेवलंत."

मी म्हटलं, "मी एकटाच येणार होतो."

"मग ते कोण? काखेत वही, चष्म्याला दोरा. दहालाच आले. पान वाढते म्हटलं, तर म्हणे ते मुलाचं आहे, तो आला की बघू. पडवीतच बसले. बाराला ओहोटी, तोवर येईल म्हणाले. तीनला उठले. आता पाणी चढलं, त्याचं रिलीज असेल म्हणाले, आणि गेले." मग म्हणाल्या, "रिलीज म्हणजे काय हो? सिनेमात आहात का तुम्ही?"

बाबा आठ महिन्यांपूर्वी गेलेत हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी बिरडं वाढलं. पान तसंच ठेवून, पैसे देऊन उठलो.

पाऊणला किनाऱ्यावर गेलो. किल्ल्यापर्यंत ओली वाळू उघडी पडली होती, लोक पोराबाळांना घेऊन चालले होते. माझ्यानं पाऊल टाकवलं नाही. काठावरूनच परतलो.

मित्र म्हणतो, दुसरेच कुणी आजोबा असतील, दुसऱ्याच मुलाची वाट बघत. असतील. लोक अशा अनुभवात आपलं माणूस भेटल्याचं समाधान मानतात. मला ते नको आहे. ते बाबा नव्हतेच, असं कुणी सिद्ध करून दिलं तर जन्मभर उपकार मानीन. कारण ते असतील, तर मेल्यावरही मी त्यांना थांबवून ठेवलं... आणि गेलो नाही.