दहापैकी पाच
सर्फराज मुकादम, वय एकतीस, वजन एकशे आठ किलो. कुवेतमध्ये अमेरिकन फुटबॉल खेळणारे मुळात थोडे. त्या खेळाचा पगार घेणारा रत्नागिरीकडचा बहुधा हा एकटाच. समोरून चेंडू घेऊन येणाऱ्याला आडवं करणं हे त्याचं काम. शुवैखमध्ये गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा माणूसच संघाचा मालक. म्हणून सर्फराज सकाळी काउंटरवर, संध्याकाळी मैदानावर, आणि त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, मालकाच्या हातात. नऊ वर्षांत त्याच्या धडकेने तिघांच्या बरगड्या मोडल्या. त्याचा स्वतःचा खांदा दोनदा निखळला.

डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला पुन्हा उतरवायचं का, हे ठरवायची या खेळात एक पद्धत आहे. मोसमाआधी, डोकं शाबूत असताना चाचणी घेतात. दहा शब्द ऐकून परत सांगायचे. मार लागल्यावर तीच चाचणी पुन्हा, आणि दोन्हींची तुलना; आकडे जुळले तर खेळाडू मैदानात.

सप्टेंबरात कोचने सगळ्यांना बजावलं होतं, "मुद्दाम चुका करा. पुढे उपयोगी पडतील." काउंटरवर कॉम्प्युटर न बघता चारशे पार्ट नंबर सांगणाऱ्या सर्फराजने पाचच शब्द सांगितले. सगळे हसले.

जानेवारीत उपांत्य सामन्यात तो डोक्यावर आदळला. तीन दिवसांनी संघाची नर्स प्रणिता साठे हिने चाचणी घेतली. पाच शब्द.

"जुळलं," कोच म्हणाला. "शुक्रवारी फायनल खेळेल."

सर्फराजची बायको शाझिया दारातच उभी होती. "काय जुळलं? ताई, काल ह्याने मला दोनदा विचारलं, अम्मीने चाय घेतली काय. अम्मीला जाऊन दोन वर्षं झाली!"

"शाझिया, गप," सर्फराज म्हणाला.

"का गप? टकरा मारायला बोकड पाळलाय काय ह्यांनी?"

प्रणिताने हातातला कागद खाली ठेवला. "सर्फराजभाई, सप्टेंबरात खरं सांगितलं होतंत?"

"इकाम्याचा विचार करून बोल," कोच म्हणाला.

सर्फराज उठला. टेबल भिंतीवर जाऊन आपटलं.

"सप्टेंबरात मला दहाही आठवत होते. ह्याने सांगितलं म्हणून पाच गिळले." त्याने कोचकडे बोट केलं. "आज एक पण गिळला नाही, ताई. आठवलेच पाच."

कोच प्रणिताला म्हणाला, "तुम्ही काही ऐकलं नाही."

"ऐकलं," प्रणिता म्हणाली, आणि तिने सप्टेंबरच्या आणि आजच्या, दोन्ही कागदांवर तिथल्या तिथे आडवी रेघ मारून ते रद्द केले आणि सही केली.

शुक्रवारी सर्फराज खेळला नाही. संघ हरला. मार्चमध्ये मालकाने इकामा पुढे वाढवला नाही; प्रणितालाही संघाने पुन्हा बोलावलं नाही. सर्फराज आता गुहागरजवळ भावाच्या घरी असतो. गाडी चालवायला डॉक्टरांची मनाई आहे. कोचला कुणी एक प्रश्नही विचारलेला नाही.