चिठ्ठीतली गाळलेली ओळ
कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला की मला चौथीत आलेल्या कांजिण्या आठवतात. शिरपूरजवळचं आमचं गाव. फ्रॉकखाली झाकलेले दोनच फोड. शाळेनं पालकांना चिठ्ठी दिली होती. माझ्या आईला वाचता येत नव्हतं. "काय लिखेल शे वं?" तिनं विचारलं. 'फोड दिसल्यास मुलाला घरीच ठेवा, गरोदर बायांना धोका असतो,' ही ओळ मी गाळली, कारण मला पूर्ण हजेरीचं बक्षीस हवं होतं. "हात धोवाले सांगेल शे, माय." आमच्या बाईंचे दिवस भरत आले होते. पाढे चुकले नाहीत म्हणून त्यांनी मला पोटाशी धरलं. पंधरा दिवसांनी त्या यायच्या बंद झाल्या. आता मी कॉलेजात आहे, पण त्यांचं बाळ कसं आहे, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.