सोसायटीचा फ्रीज

माझ्या भावाचे कान सोनारानं टोचले आणि रक्त थांबायचं नाव घेईना. आई हळद दाबून दाबून थकली. गावानं एकमतानं ठरवलं की सोनाराचा हात वाईट. त्या बिचाऱ्याचं कान टोचायचं गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच. पुढं भावाचा दुधाचा दात पडला तेव्हाही तेच झालं, आणि तिथं तर सोनार नव्हता. मग कुणाला तरी आठवलं की आईचा भाऊही लहानपणी असाच गेला होता, साधं घसरून पडल्याचं निमित्त होऊन. तेव्हा भावकीतल्या एका चुलतीनं करणी केली असं ठरलं होतं. तिला आम्ही कधी लग्नाला बोलावलं नाही. म्हणजे डॉक्टरकडं जाईपर्यंत आम्ही दोन माणसांना शिक्षा करून मोकळे झालो होतो.

डॉक्टरांनी हिमोफिलिया सांगितलं. रक्त गोठत नाही. येतो बायांकडून, होतो पुरुषांना. आई सगळं ऐकून घेऊन एवढंच म्हणाली की घ्या, इथंही बाईच सापडली.

लोकांना वाटतं कापलं-खरचटलं की धोका. खरं दुखणं आतलं. सांध्यात रक्त साचायचं, गुडघा पपईएवढा व्हायचा, आणि भाऊ उशी दातात धरून पडायचा. त्यामुळं त्याच्या वाट्याला ना शेत आलं, ना ऊसतोड. खुर्चीवर बसायचं काम म्हणून त्याला गावच्या दूध सोसायटीत चिकटवला. दूध मोजायचं, फॅट लावायचं, कुणी पाणी घातलं की चारचौघांत त्याची शोभा करायची. यात तो इतका रमला की पुढं सचिव झाला.

त्याचं इंजेक्शन बीडच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायचं, पण ते गारव्यात ठेवावं लागतं. आमच्या घरी फ्रीज नव्हता. सोसायटीत एक होता, टेबलाएवढा, जनावरांच्या लसीसाठी. त्यात लाळ-खुरकुताच्या लसीशेजारी एका डब्यात भावाच्या बाटल्या असायच्या. वर लिहिलं होतं, ‘हे माणसाचं आहे’.

मग मोठा दुष्काळ पडला. जनावरं चारा-छावणीत गेली, दूध आटलं, सोसायटीचं संकलन बंद. सभासदांची बैठक झाली, त्यात लाइट बिलाचा विषय निघाला. एक जण म्हणाला, दूधच न्हाई तर फ्रीज कशाला चालू ठेवायचा? मागून एक म्हातारा उठला. म्हणाला, "दूध आटलं म्हणून सचिव बी आटला का?" फ्रीज चालू ठेवायचा ठराव टाळ्यांनी मंजूर झाला. आमच्या सोसायटीनं केलेल्या ठरावांपैकी पाळला गेलेला मला तरी तेवढाच आठवतो.

त्याच उन्हाळ्यात मला दिवस गेले. आईनं मला गावातल्या गावातच दिलं होतं, भावाला बघायला कुणी तरी जवळ असावं म्हणून. नवरा पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर. सासूला नातू हवा होता, आणि ती ते कुणालाही सांगत होती. मला मुलगी हवी होती, आणि ते मी कुणालाच सांगत नव्हते. कारण आईच्या रक्तातलं ते माझ्यात उतरलंय, हे तपासणीत आधीच कळलं होतं. आमच्या तालुक्यात मुलगी व्हावी म्हणून नवस बोललेली मी एकटीच असेन. देवीसुद्धा गोंधळली असेल.

बीडच्या डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं, मुलगा आहे का मुलगी. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. भिंतीवरच्या पाटीकडं त्यांनी बोट दाखवलं. मी म्हटलं, मुलगी हवीय हो मला. त्या म्हणाल्या, तरी तो गुन्हाच. मग भावाचं सगळं सांगितल्यावर त्या शांत झाल्या. अशा आजारासाठी कायद्यानं तपासणी करता येते म्हणाल्या, आणि पुण्याची चिठ्ठी दिली.

पुण्याला माझ्यासोबत भाऊच आला. आधी त्याच्या रक्तातली चूक शोधायची आणि मग तीच बाळात आहे का ते बघायचं, अशी रीत होती. "माझ्याबिगर तुमचं पान हलत न्हाई," असं तिथल्या लोकांना ऐकवून त्यानं हात पुढं केला. समजावून सांगणाऱ्या बाई फार मायाळू होत्या. त्यांनी मला विचारलं, हा आजार घरात कुणी जवळून पाहिलाय का? भाऊ म्हणाला, "आजार मीच हाय. संगं आलोय."

निकाल घ्यायला पुन्हा दोघंच गेलो. डॉक्टर म्हणाल्या, बाळाला आजार आहे. मुलगा आहे असं त्या म्हणाल्या नाहीत, त्यांच्याही भिंतीवर पाटी होती. ते सांगायची गरजही नव्हती. ठेवायचं की नाही हे तुम्ही ठरवा, आठवड्यात कळवा, दोन्हीकडं आम्ही सोबत आहोत, म्हणाल्या.

बाहेर बाकावर बसल्या-बसल्या भाऊ म्हणाला, "नको ठिवू."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, मग आईनं तुला ठेवायला नको होतं का? त्यानं हातानं गुडघा सरळ केला.

"तवा तपासणी नव्हती. मी येऊन बसलो, आता मला कोण उठवतंय? पर ह्याला तू जाणूनबुजून बोलवायलीस. उद्या त्यानं इचारलं तर काय सांगशील?"

मी उठले आणि आम्ही आमच्या तालुक्याची, वडवणीची एसटी धरली.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, टँकर कुठं रिकामा करायचा ते मला पंचायतीतून सांगत्यात, हे कुणी सांगायचं? तू म्हणशील तसं. सासूनं मात्र शेजारणीला निम्मीच बातमी दिली. शेजारीण वाटीभर साखर घेऊन आली. पोरगा असून हिचं तोंड का उतरलंय, हे आळीला कोडंच पडलं. ती साखर आम्ही चहाला वापरली.

मुदत संपत आली तेव्हा मी सोसायटीत गेले. दूध नाही, माणूस नाही, आणि भाऊ स्वतःच्या हातात सुई खुपसून, फोन खांद्यानं कानाला धरून छावणीवाल्याशी कडबा ओला दिला म्हणून भांडत होता. शिव्या देत होता, मधेच हसत होता. भांडण जिंकल्यावर त्यानं सुई काढली, कापूस दाबला. मी दारातूनच सांगितलं, मी पुण्याला जाणार नाही.

त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. मात्र पुढच्या बैठकीत त्यानं मोठ्या फ्रीजचा विषय काढला. लोकांनी विचारलं, कशाला? म्हणाला, जनावरांच्या लसीला. गावात एक जनावर नव्हतं. तो म्हणाला, पाऊस पडल्यावर येतील की. माझं बाळंतपण व्हायच्या आधी फ्रीज आला, आणि जनावरं त्यानंतर बऱ्याच दिवसांनी.

पोराचे कान आम्ही टोचले नाहीत. जावळ मामाच्या मांडीवरच काढलं, पण वस्तरा न लावता कात्रीनं. मामा तेव्हाही माझ्याशी बोलत नव्हता. न्हाव्याला मात्र त्यानं घाम फोडला.

पोराला घोट्याचा त्रास आहे. घोटा सुजला की तो ओरडत नाही, उशी दातात धरतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तेव्हा मला माझी इतकी चीड येते की भिंतीवर डोकं आपटावं. आणि दुसऱ्या दिवशी तो उंबऱ्यावर बसून आजीची नक्कल करतो तेव्हा ही चीड कुठं जाते कळत नाही. कुणी मला धन्य आई म्हणालं की मी उठून आत जाते. मी बरोबर केलं का, ते मला आजही सांगता येत नाही.

गेल्या साली एकदा घोटा फार सुजला. सोसायटीत मामा त्याची शीर शोधत होता, मी डबा धरून उभी होते. पोरानं विचारलं, आणि मला नाही, त्याला विचारलं.

"मामा, मी असा होणार हे आईला आधीच माहीत होतं?"

भावानं माझ्याकडं पाहिलं नाही. सुई नीट बसवली, औषध हळूहळू आत सोडलं, कापूस दाबला.

"माहीत होतं की. मला बी माहीत होतं. म्हणूनच तर फ्रीज मोठा घेतला."

पोरानं फ्रीज वरपासून खालपर्यंत पाहिला. मग खालचा कप्पा आपला का, एवढंच विचारलं.