ड्युटी पासच्या मागची सही

फिट येण्याचा आजार असलेला एक कैदी तुरुंगात दाखल झाल्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी मरण पावला. खटला सुरू व्हायचा होता. त्याला आमच्या विभागातल्या एका पोलीस ठाण्याने अटक केली होती. मी तेव्हा त्या विभागाचा सहायक पोलीस आयुक्त होतो आणि निवृत्तीला दोन वर्षे बाकी होती. नोकरीतली अनेक प्रकरणे आता धूसर झाली आहेत. हे झालेले नाही, कारण यातल्या एका चुकीच्या कागदावर माझी सही होती.

मृत इसम लिफ्ट दुरुस्तीचे काम करायचा. नाहूरला राहायचा. पार्किंगवरून झालेल्या भांडणात त्याने शेजाऱ्याला लोखंडी पान्याने मारले, शेजाऱ्याचा हात मोडला. दोन दिवस पोलीस कोठडी, त्यानंतर न्यायालयीन कोठडी. कोठडीत मृत्यू झाल्यामुळे न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी सुरू झाली. तुरुंगाने तिथे लेखी कळवले की कैद्याच्या आजाराबाबत पोलिसांकडून किंवा नातेवाइकांकडून कोणतीही माहिती अथवा औषधे मिळाली नव्हती.

सुमारे महिन्याने त्याच्या मोठ्या बहिणीचा माहिती अधिकारातला अर्ज माझ्याकडे आला. तिने तीन गोष्टी मागितल्या होत्या: पोलीस ठाण्याच्या त्या दिवसांच्या दैनंदिनीची प्रत, आरोपी तुरुंगात पोचवल्याची पोच आणि भावासाठी ठाण्यात दिलेल्या गोळ्यांबाबतची कोणतीही नोंद. मी अर्ज ठाण्याकडे पाठवला. पहिले दोन कागद आले. तिसऱ्याबद्दल वरिष्ठ निरीक्षकांनी लिहून दिले, ‘अशी नोंद अभिलेखावर उपलब्ध नाही.’ मी ते वाचले, खाली सही केली आणि पत्र रवाना झाले. त्या आठवड्यात मी अशा बऱ्याच पत्रांवर सह्या केल्या असतील.

बाईंनी अपील केले. उपायुक्तांनी आदेश दिला की जन माहिती अधिकाऱ्याने, म्हणजे मी, स्वतः शोध घेऊन पंधरा दिवसांत पुन्हा उत्तर द्यावे. मी बाईंना कार्यालयात बोलावले. त्या घाटकोपरच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरीला होत्या. पन्नाशीच्या आसपास वय. खुर्चीवर बसताच त्यांनी माझे पत्र टेबलावर ठेवले.

“साहेब, पुस्तक सापडत नाही आणि पुस्तक नाहीच, यात फरक असतो. तुम्ही यातलं काय लिहिलंय?”

मी म्हणालो, “ठाण्याने शोधलं, मिळालं नाही.”

“कुठे शोधलं?”

“केसच्या कागदांत.”

“आणि बाकी कपाटं?”

मी विचारले, नोंद असेलच असे तुम्हाला का वाटते? तेव्हा त्यांनी सगळे सांगितले. गोळ्यांची पट्टी आणि डॉक्टरांची चिठ्ठी भावाच्या बायकोने त्यांच्याकडे दिली होती. तिची नोकरी पवईला, तिला सुट्टी मिळत नव्हती. बाईंनी ते पाकीट भावाला तुरुंगात नेणाऱ्या हवालदाराच्या हातात दिले. दुसऱ्या दिवशी ठाण्याबाहेर तोच हवालदार भेटला आणि म्हणाला, ‘ताई, टेन्शन नका घेऊ, गेटवर सही घेतलीय.’

“हे आधी का नाही सांगितलं?”

“विचारलं कोणी? मी ठाण्याच्या काउंटरवर गेले की ‘ओ मॅडम, अर्ज टाका ना’ एवढंच ऐकायचे. टाकला अर्ज.”

मग म्हणाल्या, “माझी भावजय माझ्याशी बोलत नाही. म्हणते, तुम्हाला एवढं एकच काम सांगितलं होतं. तुरुंगाचा कागद म्हणतो गोळ्या आल्याच नाहीत, मग ती तरी काय समजणार? मला कोणाला फासावर नाही चढवायचं साहेब. मी गोळ्या दिल्या होत्या, एवढा एक कागद द्या.”

हवालदाराची बदली वाहतूक शाखेत झाली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गोरेगावला त्याच्या चौकीत गेलो. खात्याला दिलेल्या जबाबात त्याने ‘औषधांबाबत मला माहिती नाही’ असे लिहून दिले होते. पोलिसाची चौकशी करणे अवघड असते. प्रश्न कुठे चालला आहे हे त्याला आपल्याआधी कळते.

“गोळ्या कोणी दिल्या होत्या?”

“कुठल्या गोळ्या, साहेब?”

“बहिणीला काय बोललास?”

“मी? मी कशाला बोलू? चहा सांगू का साहेब?”

मी चहा घेतला आणि विषय सोडून दिला. त्याच्या जुन्या ठाण्याविषयी बोललो, एस्कॉर्टच्या ड्युटीविषयी बोललो. ज्या कामात माणूस मुरलेला असतो, त्याविषयी तो सांभाळून बोलत नाही. मी सहज विचारले, “गेटवर आरोपी ताब्यात दिला की पोच कशी घेतोस?”

“वॉरंटच्या प्रतीवर शिक्का घेतो. अजून काही सामान असेल तर ड्युटी पासच्या मागे लिहून सही घेतो.”

“पासच्या मागे? का?”

“वॉरंटवर कुठे लिहू देतात साहेब? पास आपला असतो. एकदा एका आरोपीचं घड्याळ गेटवर हरवलं, माझ्यावर आलं. तेव्हापासून मी लिहून घेतल्याशिवाय...”

तो मध्येच थांबला. कप खाली ठेवला.

“लागली वाट,” तो म्हणाला.

“कोणाची?”

“माझीच. बाहेरची वस्तू गेटपर्यंत नेली म्हणून माझ्यावर शेकेल असं वाटलं. प्रमोशनची यादी लागायची होती. म्हणून जबाबात नाही म्हटलं.”

“पास कुठे आहे?”

“ठाण्यात जमा केला, साहेब. हजेरी मास्तरकडे.”

ड्युटी पास म्हणजे अंमलदार ठाण्यातून कुठल्या कामाला आणि किती वाजता निघाला, याचा कागद. काम झाले की तो हजेरी मास्तरकडे परत जातो. हजेरीसाठी त्याचा उपयोग, म्हणून गुन्ह्याच्या कागदांत तो कधीच लागत नाही. ठाण्याने शोध घेतला होता तो गुन्ह्याच्या कागदांत. माझ्याही मनात दुसरे कपाट आले नव्हते.

त्या ठाण्याची हजेरी मास्तर एक महिला हवालदार होती. पासचे गठ्ठे तिने महिन्यांप्रमाणे नाडीने बांधून ठेवले होते.

“पास कोण मागतं साहेब? माझ्याकडे लोक फक्त सुट्टी मागायला येतात,” असे म्हणत तिने गठ्ठा सोडला. दहा मिनिटांत पास हातात आला. मागे निळ्या शाईत लिहिले होते: ‘आरोपीसोबत गोळ्यांची एक पट्टी व डॉक्टरची चिठ्ठी एक. आरोपीस फिट येते. मिळाले.’ खाली गेटवरच्या कर्मचाऱ्याची सही, शिक्का आणि वेळ.

वरिष्ठ निरीक्षक चांगला अधिकारी होता, पण त्याने हात जोडले.

“सर, तुरुंगवाले आता आपल्यावर उलटतील. आपलं उत्तर गेलंय ना एकदा? राहू द्या की.”

“ते उत्तर चुकीचं गेलंय.”

“तसं लिहिणार तुम्ही? स्वतःच्या सहीने?”

“आधीचंही माझ्याच सहीने गेलं होतं.”

त्याच दिवशी मी सुधारित उत्तर तयार केले. त्यात लिहिले की पूर्वीचे उत्तर अपुऱ्या शोधावर दिले होते व ते चुकीचे आहे. मूळ पास पंचनामा करून चौकशी करणाऱ्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवला. हवालदाराने नवा, खरा जबाब दिला. आधीच्या खोट्या जबाबाबद्दल त्याला शिक्षा झाली. ती मीच प्रस्तावित केली होती, आणि गेटवर लिहून घेतल्याबद्दल त्याच प्रस्तावात त्याची बाजूही मांडली होती.

या प्रकरणाने माझी एक सवय बदलली. ‘उपलब्ध नाही’ असा मजकूर समोर आला की ठाण्याने कुठे कुठे शोधले, ते मी त्याखाली लिहून मागू लागलो. सुरुवातीला ठाण्यांतून कुरकुर झाली, नंतर कागद सापडू लागले. खात्यात कागद फारसे नाहीसे होत नाहीत, ते वेगळ्या कामासाठी ठेवलेले असतात. निवृत्त होताना ज्या थोड्या गोष्टींचे मला समाधान होते, त्यांत ही एक होती. आज मुलुंडला घरी बसून लिहितानाही आहे.

न्यायदंडाधिकाऱ्यांचा अहवाल काही महिन्यांनी आला. औषधे व चिठ्ठी प्रवेशद्वारावर स्वीकारली गेली, परंतु ती तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोचली नाहीत, असे त्यात नमूद आहे. तुरुंगातल्या दोन कर्मचाऱ्यांची विभागीय चौकशी सुरू झाली. तिचा निकाल मला माहीत नाही.

या अहवालाच्या बरेच आधी, पासची साक्षांकित प्रत तयार झाल्यावर मी बाईंना फोन केला होता. त्या दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आल्या, सोबत भावाची बायको होती. माझ्या लिपिकाने पोचवही पुढे केली आणि अर्जदारानेच सही करावी असे सांगितले. बाईंनी सही केली आणि पेन भावजयीकडे दिले. त्या नोंदीपुढे दोन सह्या आहेत.