रेकॉर्डिंगला आवाज नव्हता

ती दुपार आठवली की आजही माझी कानशिलं तापतात. नोकरीतल्या बऱ्याच प्रकरणांत मला राग आला तो गुन्हेगारांचा. या प्रकरणात सर्वांत जास्त राग आला तो माझ्याच ठाण्याचा, आणि त्या ठाण्याचा प्रमुख मी होतो.

ठाणं महाड-पोलादपूर भागातलं. नाव सांगत नाही, कुणाचंच सांगणार नाही. त्या दिवशी महाडच्या कोर्टात एका प्रकरणाची सुनावणी होती आणि निम्मा स्टाफ बंदोबस्ताला गेला होता. ठाण्यात एकुलती एक महिला पोलीस शिपाई, तीही तिकडेच. ठाणे अंमलदार म्हणून एक जुना हवालदार बसला होता. मी केबिनमध्ये कागद बघत होतो. तेवढ्यात बाहेरून हसण्याचा आवाज आला. अंमलदाराच्या टेबलाशी कुणी हसलं की मी उठून बघायचो. त्या टेबलाशी हसण्यासारखं काही घेऊन कुणी येत नसतं.

समोर एक बाई उभी होती. पंचविशीतली, ओढणी डोक्यावरून घेतलेली. हवालदार तिचा मोबाइल हातात धरून बघत होता आणि म्हणत होता, "हा तर मुका पिक्चर आहे, बाई. आवाज कुठाय?"

तिला आत बोलावलं. तिचं घर कुडपणच्या अंगाला, डोंगरात. नवरा मुंबईला. मुलीच्या शाळेसाठी सासू-सुना पोलादपुरात खोली करून राहत होत्या. ती औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा कारखान्यात पॅकिंगला जायची. तिथला सुपरवायझर बायकांच्या शिफ्ट लावायचा. कुणाला सकाळची द्यायची, कुणाला संध्याकाळची, कुणाला उद्यापासून येऊ नको म्हणायचं, सगळं त्याच्या हातात.

"तो मेसेज करत नाय, सायेब," ती म्हणाली. "साधा फोन पन करत नाय. तो रेकॉर्ड होतो म्हनून. वीडिओ कॉलच करतो. म्हनतो शिफ्टचं बोलायचं हाय. आनि मग नको ते बोलतो. मी कट केला की दुसऱ्या दिवशी शिफ्ट बदलतो."

तिने तीन वेळा सहन केलं. चौथ्या वेळी कॉल आला तेव्हा फोनमधलं स्क्रीन रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि मग कॉल उचलला. कोणी शिकवलं नव्हतं. मुलीच्या शाळेचे व्हिडिओ ती तसेच उतरवून ठेवायची.

मी रेकॉर्डिंग पाहिलं. चाळीस वर्षांचा, नीट भांग पाडलेला माणूस, कानात इअरफोनच्या वायरी. मागे खोक्यांची थप्पी. तो बोलत होता, हसत होता, मध्येच मागे वळून बघत होता. एकदा त्याने हाताने ओढणी बाजूला करायची खूण केली. पण आवाज शून्य. वर घड्याळाचे आकडे पुढे सरकत होते, एवढंच.

"काय बोलला तो?" मी विचारलं.

तिने मान खाली घातली आणि सांगितलं. शब्दाला शब्द सांगितला. ऐकताना मलाच अवघडल्यासारखं झालं. तरी मी काय केलं? तिचा साधा अर्ज घेतला. म्हणालो, "चौकशी करतो. पण कोर्टात हे टिकायला आवाज पाहिजे. पुन्हा कॉल आला तर आवाजासकट रेकॉर्ड करा."

तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने हे वाक्य उच्चारलं. बाई समोर बसून दखलपात्र गुन्हा सांगते आहे. महिला पोलिसाला बंदोबस्तावरून परत बोलवायचं, जबाब घ्यायचा आणि फिर्याद दाखल करायची, एवढंच माझं काम होतं. पुरावा गोळा करणं हे पोलिसाचं काम. मी ते तिच्यावर ढकललं. शिवाय त्या माणसाचा आणखी एक कॉल उचलायला सांगितलं. मोबाइल ताब्यात घेतला नाही, त्या रेकॉर्डिंगची प्रतसुद्धा काढून घेतली नाही.

पाच दिवसांनी सुपरवायझरला चौकशीला बोलावलं. इस्त्रीचा शर्ट घालून, वेळेच्या आधी दहा मिनिटं आला. खुर्चीत पाय पसरून बसला. हवालदार दाराशी उभा होता. चौकशीत माझी एक पद्धत होती. आपल्याकडे काय आहे ते सुरुवातीला सगळं सांगायचं नाही. कमी बोलायचं, समोरच्याला बोलू द्यायचं. खोटं बोलणाऱ्याला गप्प बसणं जमत नाही.

मी म्हणालो, "तुमच्याविरुद्ध एका कामगार बाईचा अर्ज आहे. तुमच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग तिच्याकडे आहे."

तो हसला. "साहेब, आवाजच नाही त्या रेकॉर्डिंगला. मी कामाचं बोलत होतो. तोंड हललं म्हणजे गुन्हा झाला का?"

त्याला नोटिशीत फक्त हजर राहायला सांगितलं होतं. रेकॉर्डिंग मी पाहिलं होतं, तिने पाहिलं होतं आणि तिसऱ्याने माझ्याच अंमलदाराच्या टेबलावर पाहिलं होतं. मी मान वर करून दाराकडे बघितलं. हवालदार जमिनीकडे बघत होता.

"रेकॉर्डिंगला आवाज नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

आता कुठे त्याचे पसरलेले पाय आत आले. "तीच... तीच सांगत फिरतेय सगळीकडे."

"कुणाला सांगितलं? नाव सांगा."

नाव त्याच्याकडे नव्हतं. त्याला बाहेर बसवला, एक शिपाई शेजारी उभा केला. हवालदाराला आत घेऊन दार लावलं.

"साहेब, ओळखीचा माणूस आहे," तो म्हणाला. "रविवारी आम्ही सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर आंघोळीला जातो एकत्र. घाबरला होता. मी एवढंच म्हटलं, घाबरू नको, आवाज नाही त्यात. त्यात काय एवढं?"

माझा हात उठला होता. खोटं सांगत नाही. टेबलाची कड धरून उभा राहिलो. ती बाई आपल्या घरच्या माणसांना सांगायच्या आधी आमच्याकडे आली होती. आणि जे तिने आम्हाला विश्वासाने दाखवलं ते संध्याकाळपर्यंत त्याच माणसाच्या कानावर पोचलं होतं. त्यातही हा विचारतो, त्यात काय एवढं!

त्याला तिथल्या तिथे टेबलावरून उठवला. घडला प्रकार स्टेशन डायरीला नोंदवला आणि वरिष्ठांना अहवाल पाठवला. मग महिला शिपायाला जीप देऊन पोलादपूरला धाडलं, त्या बाईला घेऊन यायला.

जीप परत आली तेव्हा उतरल्या दोघी. सून आणि तिच्या मागून सासू. सुनेच्या डाव्या गालावर वळ होता. पाच दिवसांत काय घडलं ते मला तेव्हा कळलं. सुपरवायझरने तिला कामावरून काढलं होतं. गेटवर चार बायकांसमोर म्हणाला होता, 'चौकीत मुका पिक्चर दाखवून आलीस ना?' म्हणजे शब्दसुद्धा हवालदाराचेच! आणि गावच्या एकाला हाताशी धरून मुंबईत नवऱ्यापर्यंत निरोप पोचवला होता, की तुझी बायको परपुरुषाशी वीडिओवर बोलते, आता अंगाशी आलं म्हणून पोलिसात गेली. नवरा रजा टाकून आला. आल्या आल्या तिला मारलं आणि मोबाइल सावित्री नदीत फेकतो म्हणाला.

मी धसकलोच. प्रत आमच्याकडे नव्हती. "मोबाइल?" मी विचारलं.

सासू साठीची असेल. अंगाने बारीक, आवाज मात्र खणखणीत. कमरेची पिशवी सोडून तिने मोबाइल टेबलावर ठेवला. तांदळाची भुकटी लागली होती त्याला.

"मीच डब्यात ठेवलेला, तांदळात. पोराला म्हटलं, हात लावशील तर मला आई म्हनू नको. हिच्या अंगावर हात टाकलास तो टाकलास. ह्यो फोन मी चौकीतच देनार." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "आनि तुम्ही सायेब. ही पयल्या दिवशी आली व्हती ना? तवा लिवून का नाय घेतलंत?"

सून पटकन म्हणाली, "आये, गप गो." सासू गप्प बसली नाही. "का गप? मी काय खोटं बोलतंय?"

महिला शिपायाने दोन तास बसून जबाब घेतला. विनयभंग आणि लैंगिक छळाचा गुन्हा दाखल झाला. दोन पंच बोलावले. बाईचा मोबाइल पंचनामा करून जप्त केला, नंतर सुपरवायझरचा. त्याने स्वतःहून लॉक उघडून दिलं. "बघा ना साहेब, लपवण्यासारखं काय आहे?" गॅलरीत देवाचे फोटो, मुलांचे वाढदिवस, कारखान्यातला माल. बाकी काही नाही.

महिला शिपाई तरुण होती, या यंत्रात मुरलेली. तिने मला आधी एक गोष्ट समजावली. "सर, तिच्या रेकॉर्डिंगमध्ये लबाडी नाही. कॉल चालू असताना बरेच फोन रेकॉर्डरला समोरच्याचा आवाज देतच नाहीत. चित्र तेवढं उतरतं." हे मला आधी ठाऊक असायला हवं होतं. मी तर तिला आवाजासकट आणा म्हणालो होतो, बाजारातून कोथिंबीर आणा म्हणावं तसं.

मग तिने पंचांसमोर गॅलरीतला हटवलेल्या फायलींचा कप्पा उघडला. तो माणूस सगळं पुसून आला होता. पण पुसलेलं काही दिवस त्या कप्प्यात पडून राहतं हे त्याला माहीत नव्हतं. तिथे सात रेकॉर्डिंग निघाली. तोही कॉल रेकॉर्ड करत होता! बायकांना पुढे धाक घालायला. त्यासाठी त्याने वेगळं ॲप टाकलं होतं, आणि ते फोनच्या माइकमधून आवाज घेत होतं. शेजारी कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तो कानात इअरफोन घालायचा, त्यामुळे बायकांचा आवाज त्यात आलाच नाही. आला तो फक्त त्याचा, अगदी स्वच्छ.

त्या बाईचं रेकॉर्डिंग आणि त्याचं, दोन्ही फोन शेजारी ठेवले. वरच्या घड्याळात तीच वेळ. एकात त्याचं तोंड हलत होतं, आवाज नव्हता. दुसऱ्यात हिचा घाबरलेला चेहरा, आणि त्यावर त्याचा आवाज. "नवरा मुंबईला आहे, तुला कोण विचारणार? आधी ओढणी काढ, मग सकाळच्या शिफ्टचं बघू." ओठ आणि शब्द जुळत गेले. हाताची खूण नेमकी त्या शब्दावर आली. मागच्या भेटीत तिने मान खाली घालून मला जे सांगितलं होतं ते जसंच्या तसं त्यात होतं. एका शब्दाचाही फरक नव्हता.

एका पंचाने तोंड फिरवलं. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, मला बायको-मुलं आहेत."

"तिलाही मुलगी आहे," महिला शिपाई म्हणाली. चौकशीत मध्ये बोलू नये असा शिरस्ता आहे. मी तिला अडवलं नाही.

त्याला अटक केली. फोन प्रयोगशाळेत गेले, रेकॉर्डिंग अस्सल असल्याची प्रमाणपत्रं आली, दोषारोपपत्र गेलं. सात रेकॉर्डिंगमध्ये आणखी तीन बायका होत्या. दोघींनी हात जोडून सांगितलं, आमचं नाव नको. तिसरी वर्षापूर्वी काम सोडून मुंबईला गेली होती. 'तिची चालच बरी नव्हती' असं वसाहतीत अजून बोललं जात होतं. ती भावाबरोबर आली, जबाब देऊन त्याच दिवशी परत गेली. चहासुद्धा घेतला नाही.

कोर्टात त्याला शिक्षा झाली. पहिल्या दिवशी बाईबरोबर सासू होती, शेवटच्या दिवशी नवरा. तो माझ्याकडे बघायचं टाळत होता, आणि मला त्याच्याशी बोलायची इच्छा नव्हती. ती बाई आता महाडात दुसरीकडे काम करते असं ऐकलं. हवालदाराची खातेनिहाय चौकशी झाली, वेतनवाढ रोखली, बदली झाली. आता तोही निवृत्त आहे. लग्नकार्यात भेटतो आणि वाकून नमस्कार करतो. मी मान वळवतो.

माझी चौकशी मात्र कुणीच केली नाही. उलट तपास चांगला केला म्हणून शाबासकीचं पत्र मिळालं. ते मी घरी कुणाला दाखवलं नाही. तपास त्या महिला शिपायाने केला आणि मुद्देमाल एका म्हातारीने सांभाळला. माझ्या वाट्याला फक्त ते वाया घालवलेले पाच दिवस येतात, आणि त्या पाच दिवसांत एका बाईची नोकरी गेली, बदनामी झाली, तिने मार खाल्ला. कायद्याने तिच्याकडे आवाज मागितलाच नव्हता. तो मी मागितला.

आता कॉलेजांत मुलींपुढे बोलायला बोलावतात. हमखास एक प्रश्न येतो, सर, स्क्रीन रेकॉर्डिंग आवाजासकट कसं करायचं? मी सांगतो. कुठला फोन आवाज घेतो, कुठला घेत नाही, स्पीकर चालू करून दुसऱ्या फोनने कसं टिपायचं, मूळ फाइल का पुसायची नाही. पण त्याआधी सांगतो, की रेकॉर्डिंग नसलं तरी ठाण्यात जा. तुम्ही तोंडाने सांगितलेलं लिहून घेणं पोलिसाला भाग आहे. खुर्चीतला माणूस आधी पुरावा आणा म्हणाला, तर त्याच्या छातीवरच्या पट्टीवरचं नाव वाचा, हुद्दा वाचा, तारीख-वेळ घाला आणि ते सगळं त्याच्या वरिष्ठाला लेखी पाठवा.

माझं नाव तसं कुणीतरी लिहून पाठवायला हवं होतं.